निनावी भांड्याचे बूड

इंग्लंडमधील धर्मादाय संस्था जुन्या वस्तूंची दुकाने चालवतात. तेथे कडा उडालेले कप आणि जोडी हरवलेल्या बश्या यांच्या गर्दीत कधीतरी एखादा जड, तपकिरी, हाताने घडवलेला वाडगा सापडतो. संग्राहक तो उचलतो आणि आधी उलटा करतो. बुडाशी ओळखीचा शिक्का असला तर डोळे चमकतात; नसला तर वाडगा पुन्हा फळीवर जातो. हा धागा त्या फळीवर परत गेलेल्या वाडग्याविषयी आहे. कारण विसाव्या शतकातील एका थोर कुंभाराने आपला शिक्का जाणूनबुजून टाकून दिला होता.

१९२० मध्ये बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा हे दोघे जपानहून कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या गावी आले आणि त्यांनी तेथे भट्टी उभारली. तेथील भांड्यांवर हमादा स्वतःचा शिक्का उमटवीत. पुढे मायदेशी परतून ते टोकियोच्या उत्तरेकडील माशिको या कुंभारगावात स्थिरावले. पाण्याचे रांजण आणि स्वयंपाकाची भांडी करणारे हे गाव. तेथील कुंभार नाव कोरीत नसत. हमादांनीही ते सोडले. त्यांचे स्नेही सोएत्सु यानागी तेव्हा निनावी कारागिरांच्या कलेची थोरवी मांडत होते; त्या विचाराशी हे सुसंगतच होते. हमादांचे यावरचे मिश्कील उत्तरही सांगितले जाते: पुढे माझी वाईट भांडी शिष्यांच्या नावावर जातील आणि शिष्यांची चांगली माझ्या!

१९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरविले. निनावीपणाचा पुरस्कर्ता जगप्रसिद्ध झाला आणि बाजाराने पळवाट शोधली. भांडे कोरेच राहिले, पण ते ज्या लाकडी पेटीत ठेवले जाई, तिच्यावर हमादांच्या हातचे अक्षर असे. आज पेटी हरवली की किंमत कोसळते. भांडे तेच, माती तीच! माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा विनोद हाच.

सेंट आइव्हजमध्ये याच्या उलट घडले. तेथील रोजच्या वापराच्या भांड्यांवर भट्टीचा शिक्का असे. चाकावर बसलेल्या माणसाचे नाव बहुधा नसे. १९३८ मध्ये शिकाऊ म्हणून आलेले विल्यम मार्शल पुढे लीच यांच्या रेखाटनांवरून मोठी भांडी चाकावर उभी करीत. म्हणजे शिक्का भट्टी दाखवतो. हात दाखवेलच असे नाही.

मग निनावी भांडे वाचायचे कसे? बुडाच्या कड्यावर बहुधा झिलई नसते. तेथे मातीचा खरा रंग आणि पोत उघडा पडतो. माशिकोची माती भरड असते. झिलई पळीने ओतली असेल तर तिचे ओघळ हाताचा वेग सांगतात. बुडवून दिली असेल तर भांडे धरलेल्या बोटांच्या खुणा कधीकधी उरतात. आतल्या भिंतीवरील बोटांच्या वळ्यांचा पीळ तर फारच बोलका. जपानी चाक सर्वसाधारणपणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, इंग्लंडमधले उलट दिशेने. त्यामुळे पिळाची दिशा बदलते. तांबूस-तपकिरी झिलईवर मोजक्या फटकाऱ्यांत रेखाटलेले उसाचे कांडे दिसले, तर हमादांची आठवण व्हावी. हा आकृतिबंध त्यांना ओकिनावात सापडला आणि त्यांनी तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा काढला.

पण घाई करू नये. हमादांच्या कर्मशाळेत शिष्य त्याच मातीवर, त्याच झिलईत काम करीत, आणि उसाचे कांडे उचलणे नकलाकारालाही जमते. माती आपल्याला गावापर्यंत नेते, झिलई फार तर कर्मशाळेच्या दारापर्यंत. आत चाकावर कोण बसले होते, याचे उत्तर हमादांनी स्वतःच पुसून ठेवले आहे.