मोतीबिंदू शस्त्रक्रियेची फलश्रुती आणि कंत्राटी मनुष्यबळ : बुरोंडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बुरोंडी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरचे मच्छिमारीचे गाव होय. कर्ती माणसे मुंबईस चाकरीला आणि वृद्ध मंडळी गावी, ही कोकणातील कुटुंबरचना जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या, ही या स्थलांतराचीच खूण आहे. अशा गावातील मोतीबिंदूच्या वृद्ध रुग्णास रुग्णालयात कोण नेणार आणि नंतर त्याचा डोळा कोण तपासणार, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच मनुष्यबळाचा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार केला आहे.

शिबिरांकडून रुग्णालयांकडे :
शलाकेने मोतीबिंदू बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. १७४७ मध्ये फ्रान्समधील जाक दाव्हिएल यांनी तो डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली, तर १९४९ मध्ये लंडन येथे हॅरॉल्ड रिडले यांनी प्रथमच कृत्रिम भिंग बसविले. भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शाळा व धर्मशाळांतील शिबिरांत हजारो शस्त्रक्रिया होत; परंतु यश मोजले जाई ते शस्त्रक्रियांच्या संख्येवर. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या प्रकल्पाने स्थायी शस्त्रक्रियागृह आणि कृत्रिम भिंग यांवर भर दिला. शस्त्रक्रिया झालेल्या किमान ८० टक्के डोळ्यांना उपलब्ध चष्म्यासह ६/१८ वा त्याहून चांगली दृष्टी मिळावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकषही याच काळातील होय. संख्येकडून फलश्रुतीकडे झालेला हा बदल महत्त्वाचा आहे.

लेझर : समज आणि वास्तव :
बोलीभाषेत बिनटाक्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेस ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हटले जाते. वस्तुतः चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये विकसित केलेल्या फेको पद्धतीत मोतीबिंदू श्राव्यातीत ध्वनिलहरींनी फोडला जातो. शस्त्रक्रियेनंतर भिंगामागील पडदा धूसर झाल्यास जो किरणोपचार करतात, तो मात्र लेझरचा असतो. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत फेम्टोसेकंद लेझरचा पहिला वापर २००८ मध्ये बुडापेस्ट येथे झोल्टान नागी यांनी केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत मात्र ही महागडी पद्धत फेकोपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. तात्पर्य, दृष्टिलाभाचा निर्णय केवळ यंत्रावर अवलंबून नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न :
रुग्ण शोधणे, रक्तदाब व मधुमेह तपासणे, शस्त्रक्रियेनंतर औषधाचे थेंब नियमित घातले जातात की नाही हे पाहणे, काही आठवड्यांनी चष्म्याचा नंबर काढणे आणि दुसऱ्या डोळ्याची वेळ ठरविणे, ही कामे नेत्रचिकित्सा सहाय्यक, परिचारिका व आशा यांची आहेत. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आरोग्यसेवेत कंत्राटी नियुक्तीचा विस्तार केला. आशा तर मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका मानल्या गेल्या. पुढे राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांना बाह्य मनुष्यबळ पुरविण्याचा निर्णय काढला. तीव्र विरोधानंतर तो ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्या अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय झाला.

कंत्राटी भरतीमुळे रिक्त जागा लवकर भरता येतात, हे नाकारता येत नाही. परंतु कर्मचारी बदलला की कोणत्या वाडीत कोणाचा दुसरा डोळा बाकी आहे, याची माहिती त्याच्याबरोबरच जाते. मनुष्यबळ पुरविणारी संस्था उपस्थितीचा हिशेब देऊ शकते. दृष्टीचा हिशेब तिच्याकडे मागितला जात नाही.

निष्कर्ष :
२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. २००६-०७ मध्ये ते १ टक्का होते. दरम्यान अंधत्वाची व्याख्या बदलल्याने दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तथापि पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता, ही बाब चिंताजनक आहे. बरा होणारा आजार आजही अंधत्वाचे प्रमुख कारण आहे. यंत्रसामग्री कायमस्वरूपी आणि माणसे तात्पुरती, हे या कार्यक्रमाच्या इतिहासातील वैगुण्य होय. बुरोंडीसारख्या गावातील वृद्धांच्या दृष्टीने नव्या लेझर यंत्रापेक्षा वर्षानुवर्षे ओळखीचा असलेला आरोग्य कर्मचारी अधिक मोलाचा ठरतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या फलश्रुतीचे मूल्यमापन करताना सेवेच्या सातत्याचीही नोंद घेतली जाणे आवश्यक आहे.