पळसदरीजवळून जाणारी सरळ रेषा

१/
मुंबई आणि पुणे येथील विमानतळ नकाशावर सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा सुमारे १२५ किलोमीटर भरते आणि कर्जतजवळच्या पळसदरीच्या अगदी लगतून जाते. लोहमार्गाने मात्र मुंबई ते पुणे हे अंतर १९२ किलोमीटर आहे. त्यात कल्याणचा वळसा आहेच. पण प्रवासाचा वेळ खरा खाल्ला तो पळसदरीपासून चढणाऱ्या बोरघाटाने.

२/
१८३० साली गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि १८५६ मध्ये रूळ पळसदरीवरून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचले. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला.

३/
दोन्हींच्या मध्ये उभा कडा. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. नकाशावर बोटभर असलेला हा तुकडाच प्रवासाचा सर्वांत कष्टाचा भाग होता.

४/
मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेला घाटमार्ग सुमारे २५ किलोमीटरचा होता. तेवढ्यात १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट.

५/
१८५६ मध्ये काम सुरू झाले. १८६१ च्या आरंभी येथे ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. सुरुंगाचे अपघात आणि पटकीची साथ यांनी अनेकांचा बळी घेतला. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून त्यांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएल याने काम सोडले.

६/
नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्याकडे ठेवले आणि ॲडमसन व क्लाउजर या अभियंत्यांच्या देखरेखीखाली काम तडीस नेले.

७/
एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. प्रवासी आता गाडी न सोडता पुण्याला जाऊ लागले. तरीही खंडाळ्याजवळच्या ‘रिव्हर्सिंग स्टेशन’वर गाडीला दिशा उलटवून पुढची चढण घ्यावी लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते टळले.

८/
त्याच सुमारास कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’ने मुंबई-पुणे प्रवास पावणेतीन तासांवर आणला. विमानाला हा घाट आडवा येत नाही. रेल्वेगाडीला मात्र आजही चढणीवर मागून जादा इंजिने लावावी लागतात.

९/
माल्कम, बर्कली, ट्रेडवेल, फ्रिअर ही नावे ग्रंथांत आली. ज्यांनी डोंगर फोडून दोन शहरांमधला वेळ कमी केला, त्या हजारो मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. गाडी पळसदरी सोडून बोगद्यात शिरते, तेव्हा ती त्यांच्याच कामातून पुढे जात असते.