धातूंच्या पृष्ठप्रक्रियेतील रासायनिक कचऱ्याचे व्यवस्थापन : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : नरखेड तालुका)

प्रस्तावना :
धातूला गंजापासून वाचविणे व त्यास चकाकी देणे ही प्राचीन कला होय. प्रस्तुत लेखात या कलेतून निर्माण होणाऱ्या कचऱ्याच्या व्यवस्थापनाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

कल्हईकडून विद्युत विलेपनाकडे :
तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या काळात कल्हईवाला गावोगावी फिरत असे. कथील, नवसागर, कोळसा व भाता एवढेच त्याचे साहित्य. नवसागराचा धूर त्याच्या फुप्फुसात जाई. परंतु कचरा अल्प व विखुरलेला असे. स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम आल्यावर हा व्यवसाय मागे पडला. कारखान्यांतील विद्युत विलेपनामुळे आम्ल, सायनाइड व षट्संयुजी क्रोमियमयुक्त सांडपाणी एकाच ठिकाणी साचू लागले.

कायद्यांची वाटचाल :
महाराष्ट्राने 1969 मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व 1970 मध्ये मंडळ स्थापन झाले. 1974 चा केंद्रीय कायदा राज्यात 1981 पासून लागू झाला. नागपूर येथे 1958 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेस 1974 मध्ये 'नीरी' हे नाव मिळाले. सांडपाणी शुद्ध करताना क्रोमियमचे क्षपण करून चुन्याने त्याचा साका खाली बसवितात. पाणी निवळते, विष मात्र गाळात उरते. या गाळासाठी घातक कचरा नियम 1989 मध्ये आले. परंतु नियम आले तरी गाळ नेण्यास सुरक्षित जागा सर्वत्र नव्हती. म्हणूनच मेनन समितीच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयास 14 ऑक्टोबर 2003 रोजी सविस्तर निर्देश द्यावे लागले. 2016 च्या नियमांत विलेपनाच्या गाळाची स्वतंत्र नोंद आहे. जिल्ह्यात बुटीबोरी येथे आता सामायिक विल्हेवाट सुविधा आहे.

नरखेडचा संदर्भ :
नरखेड हा संत्राबागांचा तालुका असून बागा विहिरी व कूपनलिकांवर जगतात. येथील काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाहते. त्यामुळे एखाद्या लहान कार्यशाळेने आम्लाचे पाणी खड्ड्यात सोडले, तरी ते शेजारच्या विहिरीत उतरू शकते. सांडपाण्यातील षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला केवळ 0.1 मिलिग्रॅम आहे, यावरून धोक्याची कल्पना यावी.

निष्कर्ष :
कायद्याने विष प्रथम पाण्यातून गाळात नेले. त्या गाळाचा विचार मात्र अनेक वर्षांनी झाला. या विलंबाची किंमत भूजलास मोजावी लागते. म्हणून ग्रामीण भागात असा उद्योग येण्यापूर्वीच त्याचा गाळ कोठे जाणार, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे. विहीर दूषित झाल्यावर विचारलेला प्रश्न बाग वाचवू शकत नाही.