वादळ आणि गावकरी (माइनक्राफ्ट)

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून जग उभारण्याच्या खेळात मेघगर्जनेसह येणाऱ्या वादळात गावकऱ्यांवर ओढवणारे धोके आणि त्यांवर खेळाडू करत असलेले उपाय. खेळात सोसाट्याचा वारा नाही, पूर नाही, पावसाने घरे कोसळत नाहीत. वादळाचा धोका म्हणजे वीज, तिने लागणारी आग आणि भरदिवसा दाटलेल्या काळोखात बाहेर पडणारे शत्रू. यांपैकी वीज क्वचितच गावकऱ्याला गाठते, पण तिने केलेले नुकसान कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. म्हणून या नोंदीत विजेला अधिक जागा दिली आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे माहिती जावा आवृत्तीची समजावी.

पूर्वपीठिका : स्टॉकहोमच्या मार्कस पर्सन यांनी मे २००९ मध्ये खेळाचे पहिले सार्वजनिक रूप प्रसिद्ध केले. पाऊस आणि गडगडाटी वादळ बीटा १.५ मध्ये (एप्रिल २०११) आले. त्याच वर्षी सप्टेंबरात बीटा १.८ मध्ये गावे आली, तीही ओस; त्यांत माणसे वसली ती १८ नोव्हेंबर २०११ च्या १.० आवृत्तीत. ऑगस्ट २०१२ मध्ये १.३.१ आवृत्तीत गावकऱ्यांशी देवाणघेवाण सुरू झाली आणि गावकरी जपण्याला खरे कारण मिळाले. सप्टेंबर २०१४ च्या १.८ आवृत्तीपासून विजेच्या तडाख्याने गावकऱ्याची चेटकीण होऊ लागली. याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले. वीज अंगावर घेणारा लायटनिंग रॉड मात्र ८ जून २०२१ रोजी, १.१७ आवृत्तीत (केव्हज अँड क्लिफ्स, भाग पहिला) आला. मधली जवळजवळ सात वर्षे गावावरची वीज दुसरीकडे वळवण्याचे साधन खेळात नव्हते. जुन्या जगांत गावकरी तळघरांत किंवा जाड छताखाली ठेवलेले दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

विजेची निवड : पाऊस आणि गडगडाट दोन्ही चालू असताना प्रत्येक सक्रिय चंकमध्ये (१६ × १६ ब्लॉकचा तुकडा) दर टिकला वीज पडण्याची शक्यता एक लाखात एक असते. एका सेकंदात २० टिक. गडगडाटाचा काळ ३,६०० ते १५,६०० टिक, म्हणजे ३ ते १३ मिनिटांचा. पंचवीस चंकांवर पसरलेल्या गावात दहा मिनिटांच्या वादळात सरासरी तीन विजा पडतील, असा हिशेब निघतो. हा आकडा लहान वाटतो, पण जग महिनोन् महिने चालू ठेवणाऱ्या सर्व्हरवर वादळे अनेक होतात.

वीज कोठे पडावी हे सर्वस्वी यदृच्छेवर सोडलेले नाही, आणि संरक्षणाची सारी गुरुकिल्ली येथेच आहे. चंकमधील एक उभा स्तंभ निवडला की खेळ प्रथम आसपास लायटनिंग रॉड आहे का ते पाहतो. नसेल तर त्या स्तंभाच्या तीन ब्लॉक परिघात उघड्या आकाशाखाली कोणी सजीव उभा आहे का ते शोधतो आणि असल्यास वीज त्याच्यावर सोडतो. कोणीच नसेल तर ती स्तंभाच्या माथ्यावर पडते. थोडक्यात, शेतात काम करणारा किंवा विहिरीपाशी जमलेला गावकरी विजेला स्वतःकडे ओढतो. छपराखालचा गावकरी तिचे लक्ष्य होत नाही.

लक्ष्य होत नाही, तरी सुरक्षितही असतोच असे नाही. वीज जेथे टेकते तेथून चारी बाजूंना तीन ब्लॉक, खाली तीन ब्लॉक आणि वर नऊ ब्लॉक एवढ्या पेटीत सापडलेल्या प्रत्येक सजीवाला ती लागते, मध्ये भिंत असो वा छत. गावातल्या बसक्या घरांत छताचा माथा जमिनीपासून जेमतेम चार ब्लॉकवर असतो. तेथे पडलेल्या विजेची पेटी खोलीच्या मध्यापर्यंत पोचते आणि आत उभ्या गावकऱ्याचे डोके तिच्यात येते. "घरात कोंडला होता, तरी चेटकीण झाली" या तक्रारीचे उत्तर बहुधा हेच. छताचा माथा जमिनीपासून सहा ब्लॉक किंवा अधिक उंच असेल तर खालच्या मजल्यावरचे गावकरी या पेटीबाहेर राहतात.

हवामानाचा भेद : वीज फक्त पाऊस पडत असलेल्या जागी पडते. वाळवंटात आणि सॅव्हानात पाऊस नाही, हिमप्रदेशात त्याऐवजी बर्फ. त्यामुळे गावांच्या पाच मूळ प्रकारांपैकी वाळवंट, सॅव्हाना आणि हिममैदान येथली गावे विजेपासून मुक्त आहेत. धोका उरतो तो सपाट मैदानातल्या आणि तैगातल्या गावांना, तसेच डोंगरकुरणांवरच्या गावांना. नवे जग सुरू करताना देवाणघेवाणीची मुख्य पेठ वाळवंटातल्या गावात वसवावी, हा अनुभवी खेळाडूंचा सल्ला यावरून सार्थ ठरतो. काळोख मात्र सगळीकडे सारखाच दाटतो, म्हणून शत्रूंचा बंदोबस्त वाळवंटातही लागतोच.

चेटकीण : तडाखा बसलेला गावकरी मरत नाही, त्याच्या जागी चेटकीण उभी राहते. लहान मूल असले तरी पूर्ण वाढीची चेटकीणच होते. गावकऱ्याला नावाची पट्टी लावून नाव दिले असेल तर ते चेटकिणीकडे तसेच राहते, आणि ती आपोआप नाहीशीही होत नाही. पूर्वीचा व्यवसाय, नवशिक्यापासून उस्तादापर्यंत चढवलेली पातळी, ठरलेले सौदे हे सारे पुसले जाते. एखादा ग्रंथपाल-गावकरी मेंडिंगचे (अवजारे दुरुस्त करणाऱ्या मंत्राचे) पुस्तक परवडणाऱ्या दरात विकेपर्यंत खेळाडूने त्याचे लेक्टर्न (कामाचा ब्लॉक) किती वेळा फोडून पुन्हा मांडलेले असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. ते सगळे श्रम एका लखलखाटात जातात.

झोंबीच्या हल्ल्याशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. झोंबीने मारलेला गावकरी नॉर्मल या काठिण्यपातळीवर निम्म्या वेळा आणि हार्डवर प्रत्येक वेळी झोंबी-गावकरी होतो. पण त्याच्यावर अशक्तपणाचे फेकऔषध टाकून सोन्याचे सफरचंद खाऊ घातले की तीन ते पाच मिनिटांत तो पूर्ववत होतो, वर सौद्यांत सूटही देतो. चेटकिणीला असा उतारा नाही. गावात आयर्न गोलेम (गावाचा लोखंडी रक्षक) असेल तर तो तिच्यावर चालून जातो, आणि या झटापटीत तिने फेकलेल्या औषधांचा उपद्रव शेजारच्या गावकऱ्यांनाही होतो. पीसफुल पातळीवर हे रूपांतर होत नाही.

लायटनिंग रॉड : तांब्याच्या तीन विटा उभ्या रांगेत ठेवल्या की रॉड तयार होतो. तांब्याचे खनिज दगडी कुदळीने निघते, म्हणजे खेळाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीही तो करता येतो. १२८ ब्लॉकच्या पल्ल्यातली वीज तो स्वतःकडे वळवतो. अट एकच : त्याच्या डोक्यावर आकाश मोकळे हवे, त्या स्तंभातला सर्वांत वरचा ब्लॉक तोच हवा. वर एखादी फांदी वाढून आली तरी तो निकामी होतो. वीज पडली की तो क्षणभर पूर्ण ताकदीचा रेडस्टोन (खेळातल्या विद्युतजोडणीचा) संदेश देतो. काही जण त्यावर गावातली घंटा किंवा दिवे जोडतात.

रॉड धोका नाहीसा करत नाही, तो एका जागी गोळा करतो. १२८ ब्लॉक त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे दोनशे चंक बसतात. ते सगळे सक्रिय असतील तर दहा मिनिटांत एकट्या रॉडवर वीसहून अधिक विजा उतरतात. गावात एरवी तीन पडल्या असत्या. म्हणून घराच्या छपरावर किंवा बाजारचौकात बसवलेला रॉड हा रॉड नसण्यापेक्षा वाईट. गावाच्या कडेला, घरे, शेते आणि घंटा यांपासून किमान आठ-दहा ब्लॉक दूर, दगडी खांबावर तो उभारावा. गावात जागाच नसेल तर खांब इतका उंच करावा की रॉडचा माथा गावकऱ्यांच्या डोक्यापासून सहा ब्लॉक तरी वर राहील. पायथ्याशी कुंपण घातल्यास भटका गावकरी जवळ जात नाही. रॉडवर पडलेल्या विजेने शेजारी आग लागते की नाही, यावर खेळाडूंची मते वेगवेगळी आढळतात. खांब दगडाचा आणि भोवतालची जमीन मोकळी ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

आग : विजेची आग नॉर्मल आणि हार्ड पातळीवरच लागते. उघड्यावरची आग पाऊस विझवतो. छपराखाली शिरलेली विझत नाही.

काळोख आणि शत्रू : गडगडाट सुरू झाला की दिवसाही उघड्यावर शत्रू प्रकटू शकतात आणि झोंबी उन्हाने जळत नाहीत. रात्रीसाठी केलेला बंदोबस्त (तटबंदी, मशाली, गोलेम) येथेही चालतो, फरक एवढाच की दिवसा गावकरी घराबाहेर असतात. घंटा वाजवली की ऐकू येण्याच्या टप्प्यातले गावकरी घरांकडे धावतात. क्रीपर या फुटणाऱ्या शत्रूजवळ वीज पडली तर तो भारित होतो आणि त्याच्या स्फोटाची ताकद ३ वरून ६ होते; गावाच्या कुंपणाशी असा क्रीपर फुटणे ही वादळातली दुसरी मोठी आपत्ती. सर्वांत सोपा उपाय पुष्कळांना माहीत नसतो : वादळ चालू असताना दिवसाही पलंगावर झोपता येते, आणि झोपून उठल्यावर वादळ संपलेले असते. अनेक खेळाडूंच्या सर्व्हरवर पुरेसे लोक एकाच वेळी झोपले तरच हे घडते.

सांगाड्यांचा सापळा : विजेबरोबर कधीकधी सांगाडा-घोडा येतो, खेळाडू जवळ गेला की त्याच्या जागी चार घोडेस्वार सांगाडे उभे राहतात.

कोंडून ठेवण्याचा वाद : गावकऱ्यांना एक ब्लॉक रुंदीच्या कप्प्यांत कायमचे बंद करून वर जाड छत घालणे, ही पद्धत मोठ्या सर्व्हरवर रूढ आहे. वीज, झोंबी आणि हरवण्याची भीती अशी तिन्ही संकटे त्यात एकदम टळतात. काहींना ती क्रूर वाटते, काही तिला निव्वळ सोय मानतात. संरक्षणाच्या दृष्टीने एवढे नक्की की, रॉड आल्यापासून विजेसाठी कोंडण्याची गरज राहिलेली नाही. फिरते, शेती करणारे, संध्याकाळी घंटेपाशी जमणारे गाव तीन विटा तांब्यात सुरक्षित राहू शकते, आणि खेळातले गाव पाहायला सुंदर दिसते ते याच रूपात.

पुनर्वसन : दोन गावकरी वाचले तरी गाव पुन्हा भरते. रिकामे पलंग आणि प्रत्येकी तीन पाव किंवा बारा गाजरे-बटाटे एवढे पुरते. मूल वीस मिनिटांत मोठे होते. चेटकीण झालेल्याचा पलंग व कामाचा ब्लॉक दुसरा गावकरी घेतो. सौदे मात्र पहिल्यापासून.

इतर : १.१३ आवृत्तीत (जुलै २०१८) आलेल्या त्रिशूळावर चॅनलिंग हा मंत्र असल्यास वादळात उघड्या आकाशाखालच्या जिवावर तो फेकून तेथे वीज पाडता येते. सामायिक सर्व्हरवर याने दुसऱ्याचे गावकरी बिघडवल्याचे प्रकार होतात. खेळाच्या बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत रॉडचा पल्ला कमी आहे. आज्ञा वापरण्याची मुभा असेल तर हवामान कायमचे निरभ्र ठेवता येते.

वास्तवातील वीज : खऱ्या तडितरक्षकाचे काम वीज जमिनीत सुखरूप उतरवण्याचे असते, त्यामुळे जमिनीत पुरलेली तार हा त्याचा अर्धा प्राण. खेळातल्या रॉडला अशी जोडणी लागत नाही. दुसरा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे. खेळात झाडाच्या पानांखाली उभा गावकरी विजेचे थेट लक्ष्य होत नाही. प्रत्यक्षात एकटे उंच झाड ही वादळातली सर्वांत धोक्याची जागा असते. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात, त्यांत शेतात राबणारे आणि झाडाचा आडोसा घेतलेले पुष्कळ असतात. महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात अशा बातम्या नेमाने येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप आसपास वीज पडण्याची पूर्वसूचना देते. हा खेळ खेळणाऱ्या मुलांच्या घरी ते एका तरी फोनवर असावे, आणि ढग गडगडू लागले की झाडाखालून निघून पक्क्या घरात जायचे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.