मुलाम्याखालचे कोरीवकाम : जुन्या फ्रेंच आसनांची ओळख

सोन्याचा मुलामा दिलेले कोरीव लाकडी सामान हा सतराव्या आणि अठराव्या शतकांतील फ्रेंच दरबारी कलेचा ठळक विशेष होय. पाहणाऱ्याची नजर सोन्यावर खिळते; अशा वस्तूची खरी ओळख मात्र त्याखालच्या लाकडात असते.

चौदाव्या लुईच्या राजवटीत (१६४३–१७१५) आसनांची घडण भारदस्त आणि दोन्ही बाजूंनी समतोल असे. पंधराव्या लुईच्या काळात पाय नागमोडी झाले. शिंपले, फुले व वेलींची मुक्त वळणे आली. हर्क्युलेनियम आणि पाँपेई येथील उत्खननांनंतर प्राचीन रोमन कलेची ओढ वाढली. सोळाव्या लुईच्या काळात सरळ, निमुळते, उभ्या पन्हळींचे पाय आणि फितींच्या गाठी रूढ झाल्या.

एका खुर्चीमागे अनेक हात असत. सुतार बहुधा बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाचा सांगाडा घडवी आणि नक्षीकार त्यावर कोरीवकाम करी. मग मुलामा देणारा कारागीर खडूची पूड व प्राणिज सरस यांच्या मिश्रणाचे अनेक थर चढवी. या थरांनी बुजलेली नक्षी तो हत्यारांनी पुन्हा उठावदार करी. त्यावर रंगीत चिकणमातीचा लेप देऊन सोन्याचा वर्ख बसवला जाई. काही भाग अकीक दगडाने घोटून चकचकीत केले जात, तर काही मंद ठेवले जात. उजेडात नक्षी जिवंत भासे ती या भेदामुळेच.

पॅरिसच्या कारागीर संघाने अठराव्या शतकाच्या मध्यास सदस्यांना आपल्या नावाचा शिक्का उमटवणे बंधनकारक केले. १७६५ मध्ये उस्ताद म्हणून मान्यता मिळालेल्या जॉर्ज जाकोब यांचा शिक्का असलेल्या आसनांना आजही विशेष मान आहे.

राज्यक्रांतीनंतर १७९३–९४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातील सामानाचा लिलाव झाला आणि हजारो वस्तू जगभर विखुरल्या. त्यांच्या शोधातूनच बनावटीला वाव मिळाला. व्हर्सायच्या संग्रहालयाने राजघराण्यातील म्हणून विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट निघाल्या. या प्रकरणी फ्रान्समधील न्यायालयाने जून २०२५ मध्ये एका नामवंत तज्ज्ञाला आणि एका निष्णात नक्षीकाराला दोषी ठरवले.

म्हणूनच केवळ शिक्क्यावर विसंबून चालत नाही. तोही नकली असू शकतो. जाणकार आसन उलटे करून हत्यारांच्या खुणा, सांधे, गादीच्या खिळ्यांची जुनी छिद्रे आणि मुलाम्याचे थर तपासतात. जुन्या वस्तूला नव्याने मुलामा देण्यातला धोकाही इथेच आहे. मूळ थर खरवडले की त्यांच्यासोबत हा पुरावा जातो आणि नव्या थरांखाली नक्षीची धार बोथट होते. त्यामुळे झिजलेला का होईना, मूळ मुलामा जपण्याकडे संग्रहालयांचा कल असतो.