ओपन लायब्ररी ऑफ ह्यूमॅनिटीज

मानव्यविद्यांतील संशोधनपर नियतकालिके वाचकाकडून किंमत आणि लेखकाकडून शुल्क न घेता प्रसिद्ध करणारी, लंडन येथील ना-नफा प्रकाशनसंस्था. मार्टिन पॉल ईव्ह व कॅरोलिन एडवर्ड्स या इंग्रजी साहित्याच्या दोन अध्यापकांनी २०१३ मध्ये तिची स्थापना केली. प्रत्यक्ष प्रकाशनास २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रारंभ झाला. लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक महाविद्यालयाच्या आश्रयाने तिचे कार्य चालते. कारागिरांना शिक्षण मिळावे म्हणून १८२३ मध्ये निघालेली ‘लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ हे या महाविद्यालयाचे मूळ रूप होय. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळी वर्ग भरविण्याची परंपरा तेथे दीर्घकाळ चालत आलेली असल्याने, अशा संस्थेला तेथे स्थान मिळावे हे उचितच झाले.

संस्थेचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी विद्वन्मान्य नियतकालिकांचा व्यवहार प्रथम पाहणे आवश्यक आहे. अशा नियतकालिकात लिहिणाऱ्या संशोधकाला सामान्यतः मानधन मिळत नाही. त्याचा लेख तपासून देणारे तज्ज्ञही विनामूल्य काम करतात. संपादकाला मिळालाच तर नाममात्र मोबदला मिळतो. या सर्वांचे वेतन विद्यापीठे देतात आणि त्याच विद्यापीठांची ग्रंथालये सिद्ध झालेले नियतकालिक वर्गणी भरून विकत घेतात. विद्वत्सभा व विद्यापीठीय मुद्रणालये यांच्या हाती हा व्यवहार होता, तोवर त्यातील विसंगती फारशी जाणवली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानविषयक नियतकालिके मोठ्या व्यापारी कंपन्यांकडे गेली आणि १९८० नंतर त्यांच्या वर्गण्या ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकांपेक्षा कितीतरी वेगाने वाढल्या. याचा फटका मानव्यविद्यांना अप्रत्यक्षपणे, परंतु अधिक बसला. इतिहास वा भाषाभ्यास यांची नियतकालिके तुलनेने स्वस्तच राहिली. पण रसायन, वैद्यक इ. विषयांच्या वर्गण्या भागविण्यासाठी ग्रंथालयांनी पुस्तकखरेदीला कात्री लावली, आणि पुस्तक हेच तर मानव्यविद्यांतील संशोधनाचे मुख्य वाहन. एकेकाळी हजार-दीड हजार प्रती निघणाऱ्या प्रबंधग्रंथांची विक्री काहीशे प्रतींवर आली. परिणामी प्रकाशकांनी किंमती वाढविल्या आणि विक्री आणखी घटली.

इंटरनेटच्या आगमनाने या कोंडीतून मार्ग निघेल, असे प्रथम मानव्यविद्यांतील काही अभ्यासकांनाच वाटले, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. मुक्त उपलब्धतेचा इतिहास सांगताना लॉस अ‍ॅलॅमॉस येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या भौतिकीच्या लेखसंग्रहाचा उल्लेख हटकून केला जातो. तथापि त्याच्या आधी, १९९० मध्येच, *पोस्टमॉडर्न कल्चर* हे साहित्य-संस्कृतिविषयक नियतकालिक अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातून ई-मेल व संगणकीय चकत्या यांद्वारे वाटले जाऊ लागले होते. अभिजात ग्रीक-लॅटिन विद्येवरील पुस्तकांची परीक्षणे देणारे *ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू* हेही त्याच वर्षी निघाले. यांपैकी दुसरे आजही विनामूल्य आहे. पहिले मात्र पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ‘प्रॉजेक्ट म्यूझ’ या सशुल्क संग्रहात दाखल झाले. उत्साहाने सुरू केलेले कार्य चालविण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न तेव्हापासून या चळवळीच्या पाठीशी आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या *स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी* या तत्त्वज्ञानकोशाने ग्रंथालयांच्या देणग्यांतून स्थायी निधी उभारून त्याचे उत्तर शोधले. पण ते एका कोशापुरते होते.

बूडापेस्ट येथील बैठकीनंतर फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने मुक्त उपलब्धतेची सर्वमान्य व्याख्या केली. ऑक्टोबर २००३ मधील बर्लिन जाहीरनाम्याने विज्ञानांबरोबर मानव्यविद्यांचाही शीर्षकातच समावेश केला. व्यवहारात मात्र विज्ञानांना सोयीची अशी एकच पद्धत बळावली. ‘पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स’ या अमेरिकन ना-नफा संस्थेने २००३ मध्ये आपले पहिले नियतकालिक काढले व ते वाचकांना मोफत दिले; त्याचा खर्च लेखकाकडून दर लेखामागे १,५०० डॉलर शुल्क घेऊन भागविला. प्रयोगशाळेच्या अनुदानात असा खर्च सहज बसविता येतो. याउलट इतिहासकार वा भाषाभ्यासक बहुधा आपल्या वेतनावर, सुट्टीत दप्तरखाने धुंडाळून लिहितो. कित्येकांना तर स्थिर नोकरीही नसते. त्याच्याकडून हजार-दोन हजार डॉलर मागणे म्हणजे वाचकापुढील दार उघडून लेखकापुढील दार लावून घेणे होय. ब्रिटनमध्ये जून २०१२ च्या फिंच समितीच्या अहवालाने लेखकशुल्काची पद्धत मुख्य मार्ग म्हणून शिफारशिली व शासनाने ती स्वीकारली, तेव्हा इतिहासकारांच्या संघटनांनी विरोध केला तो मुख्यतः याच कारणास्तव. अमेरिकेतही मुक्त उपलब्धतेविषयी साशंकता होती. इतिहासाचे पीएच.डी. प्रबंध इंटरनेटवर तत्काळ खुले झाल्यास तरुण संशोधकाचे पहिले पुस्तक कोणी छापणार नाही, या भीतीने ‘अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन’ने जुलै २०१३ मध्ये असे प्रबंध सहा वर्षांपर्यंत अप्रकट ठेवण्याची मुभा मागितली.

याच वर्षी ईव्ह व एडवर्ड्स यांनी आपली योजना मांडली. नाव अमेरिकन संस्थेच्या धर्तीवर घेतले, परंतु तिची अर्थव्यवस्था मात्र टाकून दिली. ईव्ह यांनी आपली भूमिका *ओपन अ‍ॅक्सेस अँड द ह्यूमॅनिटीज* (२०१४) या ग्रंथात सविस्तर मांडली असून तो ग्रंथही विनामूल्य उपलब्ध आहे. अँड्र्यू डब्ल्यू. मेलन प्रतिष्ठानने आधी नियोजनासाठी व नंतर २०१५ मध्ये तीन वर्षांसाठी ७,४१,००० डॉलरचे अनुदान दिले. अनुदान संपल्यावरही संस्था टिकावी, यासाठी जी पद्धत योजण्यात आली ती अशी : सहभागी ग्रंथालय आपल्या विद्यापीठाच्या आकारमानानुसार दरवर्षी ठराविक, तुलनेने माफक रक्कम देते, सर्व रकमा एकत्र करून सर्व नियतकालिकांचा खर्च भागविला जातो, आणि प्रसिद्ध झालेला मजकूर पैसे देणाऱ्या व न देणाऱ्या सर्वांना सारखाच उपलब्ध असतो. एका लेखाचा खर्च एका लेखकावर न पडता शेकडो संस्थांवर विभागला जातो. या व्यवस्थेचे मर्मस्थानही येथेच आहे. पैसे न देताही सर्व काही मिळत असेल, तर ग्रंथालयाने पैसे का द्यावेत? अर्थशास्त्रातील या जुन्या प्रश्नाला संस्थेकडे तात्त्विक उत्तर नव्हते. रक्कम एका व्यापारी नियतकालिकाच्या वर्गणीपेक्षाही पुष्कळदा कमी असावी आणि ग्रंथालयांना कारभारात बोलण्यास जागा असावी, एवढीच खबरदारी तिने घेतली. आरंभी ९९ संस्थांनी साहाय्य दिले व सात नियतकालिके निघाली. त्यांत चित्रकथांच्या अभ्यासास वाहिलेले *द कॉमिक्स ग्रिड* हे एक होते. पुढील काही वर्षांत साहाय्यक संस्थांची संख्या तीनशेच्या वर गेली व नियतकालिकेही तिसाच्या आसपास पोहोचली. मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच अपरिचित वाटू नये. आश्रयदाते व वर्गणीदार यांच्या बळावर संशोधनसाधने छापण्याची रीत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या (स्थापना १९१०) संस्थांनी अंगीकारलेली होती. फरक इतकाच, की तेथे अंक वर्गणीदाराच्या हाती पडे, येथे तो जगाच्या हाती पडतो.

आरंभीच्या काळात छपाईयोग्य मजकूर सिद्ध करण्याचे तांत्रिक काम संस्था बाहेरील कंपनीकडून करून घेत असे. हे अवलंबन टाळण्यासाठी बर्कबेक येथे ‘जेनवे’ नावाची संगणकप्रणाली तयार करण्यात आली. २०१७ मध्ये ती खुली झाली व कोणीही ती विनामूल्य वापरू शकतो.

संस्थेची खरी परीक्षा *लिंग्वा* प्रकरणात झाली. १९४९ मध्ये निघालेले हे भाषाविज्ञानाचे प्रतिष्ठित नियतकालिक एल्सेव्हिअर या डच कंपनीच्या मालकीचे होते. योहान रोरिक व त्यांचे सहसंपादक यांनी ते पूर्णतः मुक्त करावे, लेखामागील शुल्क ४०० यूरोंहून अधिक नसावे व नियतकालिकाचे नाव संपादकांकडे असावे, अशी मागणी केली. कंपनीने ती नाकारली. ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस सहाही संपादकांनी व संपादक मंडळाच्या ३१ सदस्यांनी राजीनामे दिले आणि २०१६ पासून *ग्लॉसा* हे नवे नियतकालिक सुरू केले. पहिल्या पाच वर्षांचे शुल्क डच विद्यापीठे व संशोधन परिषद यांच्या साहाय्यातून भागवावयाचे आणि त्यानंतर ओपन लायब्ररीने भार उचलावयाचा, असे ठरले. *लिंग्वा* नवे संपादक नेमून चालूच राहिले. या प्रकरणाने एक गोष्ट उघड केली, ती अशी, की नियतकालिकाची प्रतिष्ठा संपादक, परीक्षक व लेखक निर्माण करतात, परंतु तिचे नाव मात्र प्रकाशकाच्या मालमत्तेत जमा असते. त्यामुळे संपादक बाहेर पडू शकतात, पण नाव मागे ठेवून. आणि नोकरी वा बढती यांसाठी जुन्या नावाची गरज असलेल्या तरुण संशोधकाला नव्या अंकात लिहिणे ही जोखीमच असते. *ग्लॉसा*ला भाषावैज्ञानिकांनी साथ दिली, म्हणून ते रुजले.

पुढे हाच क्रम तत्त्वज्ञानात दिसून आला. *जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी*चे संस्थापक-संपादक रॉबर्ट गुडिन यांना वायली या कंपनीने २०२३ च्या अखेरीस दूर केले. त्यानंतर *पोलिटिकल फिलॉसॉफी* हे नियतकालिक २०२४ मध्ये ओपन लायब्ररीकडून निघाले. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या *फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स*च्या संपादकांनी एकमताने राजीनामे देऊन *फ्री अँड ईक्वल* या नावाने नवे नियतकालिक याच संस्थेमार्फत काढण्याचे जाहीर केले. बंगालमधील १९७१ च्या आपत्तीतून स्फुरलेला पीटर सिंगर यांचा दारिद्र्य व दानकर्तव्य यांविषयीचा बहुचर्चित निबंध १९७२ मध्ये या जुन्या नियतकालिकातच आला होता. शक्य तितके अधिक लेख छापण्यात व्यापारी प्रकाशकाचे हित असते, असा आक्षेप संपादकांनी घेतला. लेखामागे शुल्क घेण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा ताण वाढला आहे, कारण नाकारलेल्या लेखातून उत्पन्न मिळत नाही. ओपन लायब्ररीच्या पद्धतीत तो निर्माणच होत नाही : लेख वाढले तर उत्पन्न वाढत नाही, उलट खर्च वाढतो. त्यामुळे नवी नियतकालिके स्वीकारताना संस्थेलाही हात आखडता घ्यावा लागतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

संस्थेच्या कार्याची मुख्य मर्यादा म्हणजे ते नियतकालिकांपुरते आहे. पुस्तकाचा खर्च लेखाच्या कित्येक पट असतो. त्या क्षेत्रातील एका प्रयोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्रान्सिस पिंटर यांनी लंडन येथे स्थापिलेल्या ‘नॉलेज अनलॅच्ड’ या ना-नफा संस्थेने २०१४ मध्ये सु. ३०० ग्रंथालयांच्या संयुक्त वर्गणीतून १३ प्रकाशकांची २८ पुस्तके मुक्त केली. तत्त्व ओपन लायब्ररीचेच होते. परंतु २०१६ मध्ये तिचा कारभार बर्लिनमधील खाजगी कंपनीकडे गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वायलीने ती विकत घेतली. ग्रंथालयांनी सार्वजनिक हितासाठी उभारलेली यंत्रणा अशा रीतीने ज्या कंपन्यांना पर्याय म्हणून ती निघाली, त्यांपैकीच एकीच्या हाती पडली. मुक्त पुस्तके मुक्तच राहिली, हे खरे; तथापि वर्गणी गोळा करण्याची व्यवस्था व तीतून आलेला अनुभव ही मालमत्ता विकली गेली. यानंतर ना-नफा हे केवळ धोरण असून भागत नाही, विक्रीच अशक्य होईल अशी कायदेशीर घडण हवी, असे या क्षेत्रातील अनेकजण आग्रहाने सांगू लागले.

ब्रिटनच्या संशोधन-अनुदान यंत्रणेने १ जानेवारी २०२४ पासून प्रसिद्ध होणारे, आपल्या अनुदानातून सिद्ध झालेले ग्रंथ बारा महिन्यांत मुक्त करणे बंधनकारक केले, त्यामुळे पुस्तकांचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

भारताने निराळा मार्ग पत्करला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मान्यता दिली. तीनुसार तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक शिक्षण व संशोधन संस्थांना एकत्रित वर्गणीने पुरविण्यात येतात. लहान गावातील शासकीय महाविद्यालयालाही त्यांचा लाभ मिळतो, ही मोठीच सोय आहे. परंतु हे द्वार संस्थेच्या ओळखपत्रावर उघडते. निवृत्त शिक्षक, स्थानिक इतिहासाचा हौशी अभ्यासक, अनुवादक वा पत्रकार, म्हणजे मानव्यविद्यांचा वाचकवर्ग ज्यांचा बनलेला आहे असे बहुसंख्य लोक, तिच्या बाहेरच राहतात. आणि वर्गणीची मुदत संपताच नवा करार करावा लागतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड, तसेच मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांसाठी ओळखपत्र लागत नाही.