डाव्या हाताचा दोष की फोनचा?



बाजारात मडके घेताना आपण काय करतो? उचलतो, टिचकी मारतो, कान देतो. खणखणीत वाजले तर पैसे मोजतो. बद्द वाजले तर खाली ठेवतो. कुंभाराला त्याचा राग येत नाही. पण मोबाईल फोन कसा वाजवून घ्यायचा? त्याच्या पोटात काय आहे, हे विकणाऱ्यालाही धड ठाऊक नसते. तिथे आपण मालापेक्षा नावावर भरवसा टाकतो. असा एक भरवसा कसा डळमळला आणि कशाने सावरला, त्याची ही हकीकत.

२४ जून २०१० रोजी अमेरिकेतील ॲपल कंपनीने ‘आयफोन ४’ विक्रीस आणला. तीन आठवड्यांत ३० लाखांहून अधिक फोन खपले. या फोनची एक नवलाई होती. त्याच्या कडेने फिरणारी पोलादी पट्टी हीच त्याची एरियल. पट्टीचे वेगळे भाग राहावेत म्हणून तिच्यात बारीक फटी ठेवल्या होत्या. त्यांतली एक डाव्या बाजूला, खालच्या अंगाला. फोन डाव्या हातात धरला की तळवा नेमका तिथेच टेके. कातडीने दोन भाग जोडले जात आणि संदेश क्षीण होई. रेडिओच्या एरियलला हात लावला की आवाज बदलतो, हे आपण घरी पाहिलेच आहे. तसलाच हा प्रकार. जिथे मुळात संदेश कमजोर, तिथे बोलणे मध्येच तुटे.

गिऱ्हाइकांनी तक्रार केली. उत्तर काय आले? त्या जागी धरू नका, नाहीतर वर कव्हर चढवा! कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनीही एका गिऱ्हाइकाला अशाच अर्थाचे कळविले. मंडळी, घागर गळते म्हणावे आणि ‘तिरकी धरून न्या’ असे ऐकावे, तशातली ही गत. शिवाय कंपनीचे कव्हर घ्यायचे तर २९ डॉलर वेगळे. २ जुलैला कंपनीने पत्रक काढले, की संदेशाचा जोर दाखविणाऱ्या रेघांचा हिशेबच चुकला होता. पुष्कळदा दोन रेघा जास्त दिसत. म्हणजे माप खोटे होते, ही कबुली मिळाली. एरियल मात्र उत्तमच, हा हेका कायम राहिला.

आता तिसरा माणूस पुढे आला. अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांची एक संस्था निघाली. तिचे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे मासिक कोणाची जाहिरात घेत नाही. तपासायचा माल दुकानातून पैसे मोजूनच आणते. त्यांनी तीन फोन विकत आणले आणि बाहेरच्या लहरी शिरणार नाहीत अशा खोलीत तपासले. १२ जुलैला निकाल छापला: दोष फोनचाच आहे, सबब शिफारस करता येत नाही. इतर गुणांत याच फोनला त्यांनी वरचे स्थान दिले होते, म्हणून या निकालाला वजन आले. तात्पुरता उपाय म्हणून फटीवर जाड चिकटपट्टी लावा, असेही त्यांनी सुचविले.

चारच दिवसांनी, १६ जुलैला, जॉब्ज यांना पत्रकारांपुढे यावे लागले. इतरांच्या फोनांतही असे घडते, असे ते म्हणाले. पण कव्हर फुकट देऊ केले आणि ज्याला नको त्याला पैसे परत देण्याचे कबूल केले. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या पुढच्या फोनात दोन एरियल आलटून पालटून वापरण्याची सोय झाली. २०१२ साली अमेरिकेतल्या दाव्यात तडजोड होऊन गिऱ्हाइकांना १५ डॉलर किंवा कव्हर देण्याचे ठरले.

या प्रकरणाने फोनचा खप काही थांबला नाही. म्हणून कोणी म्हणेल, लोक विसरले. मला तसे वाटत नाही. तीन आठवडे गिऱ्हाईक आपल्या तक्रारीवर ठाम राहिले, आणि ज्याला काही विकायचे नव्हते अशा परीक्षकाने त्यांची बाजू तोलून पाहिली. भरवसा सावरला तो या दोघांमुळे. कंपनीच्या नुसत्या नावाने तो सावरला नसता.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तू घडविताना चूक झाली नसली, पण तिच्या आखणीतच दोष असला, तरी उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना जरूर सांगावे. पावती जपून ठेवा. ‘तुम्हीच चुकीचे वापरता’ असे कोणी म्हटले, तर लगेच मान खाली घालू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मडक्याला टिचकी मारताना आपण कधी लाजलो नाही. मग फोनबद्दल विचारताना तरी का लाजावे?